तळ्याचे पुण्य

श्रावणात घरोघरी वाचल्या जाणाऱ्या कहाण्यांत शिळासप्तमीची एक कहाणी आहे. लहानपणी ती ऐकताना तिच्यातील चमत्कारानेच मन रमते. परंतु प्रौढ वयात ती पुन्हा कानांवर पडली म्हणजे मनात काहीतरी सलत राहते. एका राजाने गाव वसविले, गावासाठी तळे बांधले. पण काही केल्या तळ्यास पाणी लागेना. तेव्हा जलदेवतांनी सांगितले की, सुनेचा वडील मुलगा बळी द्यावा, म्हणजे पाणी लागेल. राजापुढे मोठा पेच पडला. एकीकडे नातू, दुसरीकडे तहानलेला गाव. त्याने मनाशी हिशेब केला आणि गावाचे पारडे जड ठरविले. सून ह्या गोष्टीस कबूल होणार नाही हे जाणून त्याने तिला माहेरी धाडले, आणि तिच्या पाठीमागे मुलास न्हाऊमाखू घालून तळ्यात पलंगावर निजविले. तळे भरले. पुढे सून परतली, तळ्याच्या काठी तिने आपला वसा चालविला, देवतांची प्रार्थना केली, आणि पाण्यातून मुलगा तिच्याकडे परत आला. कहाणी सुफळ संपूर्ण झाली.

मुलगा परत येतो म्हणून आपण सुटकेचा निःश्वास सोडतो, आणि राजास काही विचारावयाचे राहून जाते. पण तो परत आला नसता तर? तळे तर तसेच भरलेले राहिले असते. गुरे पाणी प्याली असती, शेते भिजली असती, गावाने राजाला दुवा दिला असता. ज्या कृत्याचे फळ चांगले, ते कृत्य दुसऱ्याच्या जिवावर आणि त्याच्या संमतीवाचून घडलेले असेल, तर त्याचे पुण्य कोणाचे आणि त्याचे ऋण कोणावर? हा प्रश्न केवळ कहाणीतला नव्हे. ज्याच्या ज्याच्या शेतास तळ्याचे किंवा धरणाचे पाणी मिळते, त्या प्रत्येकाच्या दारात तो उभा आहे. माझ्याही दारात तो आहे, आणि तो टाळण्याची सोय आता मला उरलेली नाही. म्हणून तो वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

आमचा श्रीगोंदे तालुका अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडतो. पावसाळी ढग आमच्या डोक्यांवरून जातात, परंतु थांबतीलच अशी खात्री कोणी देत नाही. ह्या तालुक्यात हंगा नदीवर विसापूरचा तलाव आहे. तो १९२७ साली पुरा झाला. मातीचा भराव अडीच किलोमीटरांहून अधिक लांब. उन्हाळ्याच्या अखेरीस संध्याकाळी त्या भरावावरून चालत गेले, म्हणजे एका बाजूस उतरत चाललेले पाणी आणि दुसऱ्या बाजूस त्याच पाण्यावर हिरवी राहिलेली शेते दिसतात. जवळच विसापूरचा तुरुंग आहे. १९३० नंतरच्या सत्याग्रहाच्या दिवसांत अनेक सत्याग्रही तेथे बंदीवान होते, आणि त्यांची आठवण इतिहासाने ठेविली आहे. पण ज्या भरावावर आपण चालत असतो, त्याची माती पाटी पाटीने ज्यांनी डोक्यावरून वाहिली, त्यांतील एकाचेही नाव मला ठाऊक नाही. तालुक्यातील कोणास ठाऊक असेल असेही मला वाटत नाही. तलावाचे नाव गावाचे, नदीचे नाव नदीचे, तारीख सरकारची. आणि माती मात्र कोणाचीच नाही.

ही गोष्ट आमच्याच तालुक्याची आहे असे मात्र कोणी समजू नये. मनुष्याने बांधलेल्या जलाशयांत ज्यांची गणना फार वर लागते, ते कांबोज देशातील अंकोर येथील जलाशय पाहिले तरी हाच अनुभव येतो. ख्मेर राजांनी नवव्या शतकापासून तेथे जे प्रचंड तलाव केले त्यांस ‘बाराय’ असे म्हणतात. त्यांच्या रचनेत एक विशेष आहे. आपण तलाव म्हटले की दोन टेकड्यांमधील खिंडीत बांध घालून अडविलेले पाणी डोळ्यांपुढे आणतो. अंकोरची भूमी जवळजवळ सपाट. तेथे खिंड कोठून मिळणार? तेव्हा त्यांनी सपाट जमिनीवरच चारी बाजूंनी मातीचे बांध उचलले आणि लांबट चौकोनी हौदासारखा जलाशय उभा केला. त्यामुळे पाणी भोवतालच्या जमिनीहून उंचावर राहिले, आणि बांधास मोरी ठेविली की ते आपोआप खाली वाहू शके. इंद्रवर्मा नावाचा राजा इसवी सन ८७७ मध्ये गादीवर आला; आजपासून पाच दिवसांत मी खोदण्यास आरंभ करीन, अशी त्याची प्रतिज्ञा शिलालेखात नोंदलेली आहे. त्याने केलेला इंद्रतटाक सुमारे ३.८ किलोमीटर लांब होता. त्याचा पुत्र यशोवर्मा याने बांधलेला पूर्व बाराय त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब. अकराव्या शतकातील पश्चिम बाराय तर सुमारे ८ किलोमीटर लांब आणि २ किलोमीटरांहून थोडा अधिक रुंद आहे, आणि त्याच्या एका भागात आजही पाणी उभे असते.

ही कामे कशासाठी केली गेली ह्याविषयी पंडितांत वाद आहे. बेर्नार-फिलिप ग्रोलिए ह्या फ्रेंच संशोधकाने १९७९ साली असे प्रतिपादिले की, अंकोरचे सारे वैभव ह्या जलाशयांवर पिकणाऱ्या भातावर उभे होते. लगेच १९८० मध्ये फान लीरे ह्याने उलट मत दिले: हे जलाशय शेतीसाठी नव्हतेच, ते देवांसाठी आणि राजाच्या प्रतिष्ठेसाठी होते. पुढे क्रिस्तोफ पोतिए, रोलंड फ्लेचर, डेमियन एव्हन्स ह्यांच्या शोधांनी कालवे, बांध आणि मोऱ्या यांचे विस्तीर्ण जाळेच नकाशावर आणले, आणि पाण्याचा उपयोग होत असला पाहिजे ह्या बाजूस पुष्कळ बळ मिळाले. हा वाद विद्वत्तेच्या दृष्टीने महत्त्वाचा खरा. पण आपल्या प्रश्नापुरते बोलावयाचे तर, बांध देवासाठी असो की भातासाठी, पाटीचे वजन तेवढेच राहते.

अंकोरमध्ये आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला अधिक विचारात पाडते. इंद्रतटाकाच्या मधोमध एका बेटावर लोलेई नावाचे देवालय यशोवर्म्याने ८९३ साली आपल्या पूर्वजांच्या नावे उभारले. त्याच्या दारांच्या चौकटींवर लेख कोरले आहेत. संस्कृत श्लोकांत राजवंशाची स्तुती आहे. ख्मेर भाषेतील भागात देवालयास वाहिलेल्या सेवकांच्या याद्या आहेत. शुक्लपक्षात कोणी राबावयाचे आणि कृष्णपक्षात कोणी, हे नावनिशीवार सांगितले आहे. म्हणजे राबणाऱ्यांची नावे त्या देशात टिकली, नाही असे नाही. पण ती मालमत्तेची मोजदाद म्हणून टिकली. आणि ज्यांनी तो तटाकच उभा केला, त्यांच्या वाट्यास मोजदादीचाही मान आला नाही. देवतांना स्तुती, सेवकांना यादी, आणि माती वाहणाऱ्यांना मौन, अशी ही पायरीपायरीची उतरंड आहे.

येथे व्यवहारी मनुष्य म्हणेल, ‘झाले ते झाले. तळे झाले ना? हजारो वर्षे लोक पाणी प्याले ना? मग काम कोणी कसे करविले ह्याची उठाठेव आज कशाला?’ हा पूर्वपक्ष हलका नाही. फळावरून कृत्य जोखणारा विचार थोर तत्त्वज्ञांनीही पुरस्कारिला आहे, आणि आपल्या रोजच्या जीवनात आपण सर्व त्याच विचाराने चालतो. परंतु तो पुरता मान्य केला तर कहाणीतील राजा निर्दोष ठरतो, आणि सुनेला माहेरी धाडण्याचे कपटही शहाणपण ठरते. आता असे पाहा की, राजाला स्वतःच्या हिशेबावर खरोखर विश्वास असता तर त्याने तो सुनेपुढे मांडला असता. त्याने तो लपविला. ज्याच्या जिवावर काम व्हावयाचे त्याच्या तोंडावर जो हिशेब सांगता येत नाही, तो हिशेब करणाऱ्याच्याही मनाला पटलेला नसतो.

हे आजच्या काळाचे नवे शहाणपण आहे असेही नाही. सौराष्ट्रात गिरनारच्या पायथ्याशी सुदर्शन नावाचा तलाव होता. चंद्रगुप्त मौर्याच्या अमलात पुष्यगुप्ताने तो बांधला, अशोकाच्या काळी तुषास्फाने त्यास पाट काढून दिले. इसवी सन १५० मध्ये मोठ्या वादळी पावसाने तो फुटला. महाक्षत्रप रुद्रदामन् ह्याने तो पुन्हा बांधविला आणि ती हकीकत तेथील खडकावर संस्कृत गद्यात कोरविली. भगदाड इतके मोठे होते की राजाच्या मंत्र्यांनी दुरुस्तीचा नाद सोडण्याचा सल्ला दिला होता. तरी सुविशाख नावाच्या अमात्याकरवी त्याने काम तडीस नेले. ह्या लेखात राजा आपल्या पराक्रमाच्या बढाया मारतोच. पण त्याबरोबर आवर्जून नमूद करतो की, ह्या कामासाठी नगरातील व जनपदातील प्रजेला कर, विष्टि आणि प्रणय ह्यांनी आपण पीडा दिली नाही, आपल्याच कोशातून खर्च केला. विष्टि म्हणजे वेठ. आणि प्रणय म्हणजे प्रेमाच्या नावाखाली उकळलेली वर्गणी! राजाचे म्हणणे अक्षरशः खरे असेल किंवा नसेल. पण अठराशेहून अधिक वर्षांपूर्वी एका राज्यकर्त्याला असे सांगावेसे वाटले, ह्याचाच अर्थ असा की, तळे कोणाच्या श्रमाने आणि कशा रीतीने झाले हा प्रश्न त्या काळीही लोक विचारीत होते, आणि नुसते ‘तळे झाले’ हे उत्तर पुरेसे मानीत नव्हते.

वेठीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. चाबूक दिसतो, म्हणून अन्यायही दिसतो. त्याहून कठीण प्रश्न भुकेचा. महाराष्ट्रातील कितीतरी तलाव, रस्ते आणि कालवे दुष्काळी कामांतून उभे राहिले आहेत. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात साताऱ्याकडील म्हसवडच्या तलावासारखी मोठी कामे निघाली. तेथे कोणी कोणाला दोरीने बांधून आणले नव्हते. लोक आपल्या पायांनी आले. पण भुकेने जे ‘होय’ म्हणविले, ते होकार म्हणून धरावयाचे काय? १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल ह्यांनी काटकसरीसाठी कामावरील मजुरी इतकी उतरविली की, राबणाऱ्या पुरुषास दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढेच उरले. मुंबई इलाख्यात तेव्हा एक विलक्षण प्रकार घडला. हजारो भुकेलेले लोक कामे सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. ज्यांच्यापुढे काम किंवा मरण एवढ्या दोनच वाटा होत्या असे आपण समजतो, त्यांनी तिसरी वाट काढून दाखविली: ह्या अटीवर आम्ही राबणार नाही. भुकेच्या पोटीही मनुष्याचे मनुष्यपण शिल्लक असते, आणि म्हणूनच त्याची संमती विचारली गेली पाहिजे. ‘नाहीतर उपाशी मेला असता’ ह्या युक्तिवादाने काम देणाऱ्याचे उपकार सिद्ध होतील. न्याय सिद्ध होत नाही.

आता दुसऱ्या टोकाचा पूर्वपक्ष पाहू. एखादा कडक नीतिमान् म्हणेल, ‘असे असेल तर ते पाणीच विटाळलेले. ते पिऊ नये.’ हे म्हणणे ऐकावयास तेजस्वी आहे, पण ते तितकेच पोकळ आहे. विसापूरचे पाणी मी आज नाकारले म्हणून माती वाहणाऱ्या एकाही स्त्रीच्या डोक्यावरील पाटी हलकी होणार नाही. उलट तिच्या श्रमाचे जे एकच चांगले फळ जगात उरले आहे, तेही मी धुळीस मिळविणार. शिवाय असे सोवळे पाळावयाचे म्हटले तर राहावयाचे कोठे? आपले घाट, आपले किल्ले, आपली देवळे, आपले लोहमार्ग, सर्वांच्याच पायात कोणाची ना कोणाची तरी वेठ पुरलेली आहे. भूतकाळाचा त्याग करता येत नाही. त्याचे ऋण तेवढे ओळखता येते.

म्हणजे प्रश्न पुन्हा ऋणाकडे वळतो. हे ऋण फेडावयाचे कसे? पहिला विचार सुचतो तो नावाचा. शिळा बसवावी, फलक लावावा. ह्यात वाईट काही नाही. पण नाव फार दुबळे असते. आमच्याच जिल्ह्यात भातोडीचा जुना तलाव निजामशाहीतील मंत्री सलाबतखान ह्याने बांधला. तो काही अनामिक मजूर नव्हता. राज्याचा कारभारी होता. नगरजवळच्या डोंगरावर त्याची भव्य कबर आहे. आज ती पाहावयास जाणारे लोक तिला काय म्हणतात? चांदबिबीचा महाल! ज्याने दगडी कबर उभारली त्याचे नाव स्वतःच्या कबरीवरही टिकले नाही. मग मातीच्या बांधावर कोणाचे नाव किती टिकणार? ज्यांचे नाव आता आमच्या जिल्ह्यास आहे, त्या अहिल्याबाई होळकरांचा जन्म ह्याच जिल्ह्यातील चौंडीचा. त्यांनी देशभर घाट, विहिरी, बारवा बांधविल्या, आणि त्यासाठी आपला खासगीचा पैसा वेचला. त्यांचे नाव मात्र टिकले. त्याचे कारण मला असे दिसते की, त्यांच्या बारवांवर लोक अजून पाणी भरतात, घाटांवर अजून स्नाने होतात. उपयोग चालू राहिला म्हणून स्मरण चालू राहिले.

आणि येथे आपल्या परंपरेतील एक जुना विचार उपयोगी पडतो. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला तळ्याचे पुण्य सांगतात. तळे खोदले की पुण्य मिळाले, असा तो सरसकट हिशेब नाही. ज्याच्या तळ्यात पावसाळ्यापुरते पाणी राहते त्यास अमुक फळ, शरदापर्यंत राहते त्यास त्याहून मोठे, आणि ज्याच्या तळ्यात ऐन ग्रीष्मात पाणी असते त्यास अश्वमेधाचे फळ, अशी ती चढती श्रेणी आहे. म्हणजे पुण्य आरंभावर मोजलेले नाही. ते पाण्याच्या टिकण्यावर आणि तहानलेल्याला ते मिळण्यावर मोजलेले आहे. ह्याच विचाराने नव्या बांधणीपेक्षा जीर्णोद्धाराची थोरवी गाइली गेली. आता ग्रीष्मात पाणी टिकते ते कोणामुळे? बांधणाऱ्या राजामुळे खास नव्हे. तो केव्हाच गेला. गाळ काढणारा, भरावावर उगवलेले झुडूप उपटणारा, मोरीची गळती बुजविणारा, आपल्या पाळीपुरतेच पाणी घेऊन दार बंद करणारा, ह्यांच्यामुळे ते टिकते. तेव्हा तळ्याचे पुण्य ही काही एकदा मिळवून पेटीत ठेवावयाची वस्तू नव्हे. ते दरवर्षी नव्याने मिळवावे लागते किंवा दरवर्षी गमावले जाते.

अंकोरची अखेर हेच सांगते. चौदाव्या आणि पंधराव्या शतकांत त्या प्रदेशावर दीर्घ अवर्षणे आली आणि त्यांच्या मध्ये अतोनात पावसाळे आले, असे व्हिएतनाममधील जुन्या वृक्षांच्या वलयांवरून संशोधकांनी दाखविले आहे. कालव्यांचे ते अफाट जाळे कोठे गाळाने भरले, कोठे पुराने फाटले. राज्याच्या ऱ्हासास इतरही कारणे होती. पण जे बांधले ते राखण्याची शक्ती पुढे उरली नाही, हे त्या जमिनीवर आजही वाचता येते. यशोवर्म्याच्या पूर्व बारायात आता पाणी नाही. त्याच्या तळाशी शेते आहेत.

इतके लिहून झाल्यावर हा लेख येथेच संपविता आला असता. परंतु आरंभी मी म्हटले की हा प्रश्न माझ्या दारात आहे, तेव्हा त्याचा जबाब दिल्यावाचून सुटका नाही.

१९७२ च्या दुष्काळात माझी आई आमच्या गावाजवळच्या पाझर तलावाच्या कामावर होती. मी तेव्हा दोन वर्षांचा. बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून तीत मला निजवून ती माती वाहत असे. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी, कामावर वाटली जाणारी सुकडी, मुकादमाची हजेरी, मोजून घ्यावयाच्या चौकड्या, हे सारे तिच्या बोलण्यात अजून येते. एके दिवशी मातीची दरड ढासळून तिच्या शेजारी काम करणाऱ्या एका बाईचा पाय सापडला. ती वाचली, पण लंगडी झाली. आईच्या मनात दरडीपेक्षाही दुसरीच गोष्ट खोल बसली आहे. त्या बाईस तलावाखाली गुंठाभरही जमीन नव्हती. आमची होती. पुढे तलावास पाणी आले, आमच्या विहिरीस पाझर लागला, त्यावर आमची लिंबोणीची बाग उभी राहिली, आणि त्या बागेच्या पैशांतून माझे शिक्षण झाले. जिने माती वाहिली तिच्या घरी पाण्याचा थेंब गेला नाही.

त्या दुष्काळातून महाराष्ट्राने एक मोठा धडा घेतला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात एका लहान गावी प्रयोग करून जी कल्पना मांडली होती, तिचा पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. तो १९७७ साली संमत होऊन १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून अमलात आला. योगायोग असा की त्या गावाचेही नाव विसापूरच. आमच्या विसापूरचा तलाव ज्या काळात झाला, तेव्हा दुष्काळी काम ही सरकारची कृपा होती. त्या दुसऱ्या विसापुरातून निघालेल्या विचाराने काम हा मागणाऱ्याचा हक्क ठरविला. १८७७ साली कामे सोडून गेलेल्या लोकांनी जे पायांनी सांगितले होते, ते शंभर वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात लिहिले गेले. राबणाऱ्याचे अर्धे ऋण ह्या रीतीने मान्य झाले. परंतु उरलेले अर्धे कायद्याने फिटणारे नाही. कारण काम मिळाले तरी कामाचे फळ कोणाच्या रानात जाते, हा प्रश्न तसाच राहतो.

काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात विहीर आटली आणि बाग सुकू लागली. आमच्या शिवारातून कुकडीचा डावा कालवा जातो. जुन्नर तालुक्यातील येडगाव धरणापासून निघालेले ते पाणी आम्हांस मिळते आणि आमच्यापुढे कर्जत व करमाळ्याकडे जाते. आवर्तन चालू होते. पण आमची पाळी लांब होती. माझ्या चुलतभावाने रात्री कालव्याच्या कडेवरून एक नळी सोडली. आमच्याकडे तिला डोंगळा म्हणतात. एकदा पाणी ओढू लागली की ती दिवसरात्र ओढीत राहते. त्याने मला विचारले, तेव्हा मी ‘घाल’ म्हणालो नाही आणि ‘घालू नकोस’ असेही म्हणालो नाही. वर्गात मी तीस वर्षे नीतिशास्त्र शिकवीत आलो आहे. मौनाने दिलेली संमती ही संमतीच होय, हे विद्यार्थ्यांना मी किती वेळा सांगितले असेल! पूर्वापार चालत आलेल्या तळ्याचे पाणी हरण करणाऱ्यास आणि त्याचा ओघ तोडणाऱ्यास मनूने दंड सांगितला आहे, हेही मला ठाऊक होते. इतके सारे ठाऊक असून मी स्वस्थ झोपलो.

आईला ते दुसऱ्या दिवशी कळले. ती रागावली नाही. ओसरीवर बसल्या बसल्या एवढेच म्हणाली, “आरं, पाटी डोक्यावर घेतली तवा आमाला कुणी इचारलं न्हाई, पानी कुणाच्या रानात जानार म्हून. आता तुमी तरी इचारा की, आपल्याम्होरं कोन हाय.”

त्या दिवशी डोंगळा काढला. त्या उन्हाळ्यात आमची अकरा झाडे वाळली. मी हे काही मोठेपणा म्हणून सांगत नाही. कालव्याच्या काठाने गेले तर असे डोंगळे आजही दिसतात, आणि आमचा एक निघाल्याने कर्जतच्या शेतकऱ्यास किती पाणी अधिक मिळाले असेल ह्याचा हिशेब न करणेच बरे. पण आईच्या त्या वाक्याने माझ्या प्रश्नाची गाठ सुटली. माती वाहणारे आता हयात नाहीत, असले तरी आपल्याला सापडणार नाहीत. त्यांचे ऋण त्यांना परत करता येत नाही. मात्र त्यांची जागा रिकामी नाही. कालव्याच्या शेपटाकडे ज्याच्या रानापर्यंत पाणी पोहोचतच नाही तो शेतकरी, आणि तळ्याच्या काठी राहूनही ज्याला रान नाही तो मजूर, हे आज त्या जागी उभे आहेत. ज्यांना विचारले गेले नाही त्यांचे देणे, ज्यांना आजही विचारले जात नाही त्यांना द्यावयाचे. तळ्याचा गाळ काढणे, पाणी मोजून घेणे, आपल्यापुढे कोण आहे हे पाहून दार बंद करणे, आणि ज्यास जमीन नाही त्यासही त्या पाण्यात काही वाटा असावा असा आग्रह धरणे, हीच त्या ऋणाची फेड. ही फेड जेथे चालू आहे तेथील तळे पुण्याचे, मग ते कोणी का बांधलेले असेना. जेथे ती थांबली तेथे अश्वमेध करणाऱ्या राजाने बांधले असले तरी ते नुसते साठविलेले पाणी होय.

शिळासप्तमीची कहाणी आता मी पुन्हा वाचतो तेव्हा मला तिच्यातील एक गोष्ट दिसते, जी पूर्वी दिसली नव्हती. तळ्यास पाणी लागले ते राजाच्या हिशेबाने. पण मुलगा परत आला तो राजाच्या काठावर येण्याने नव्हे. राजाचे काम तळे भरले तेथेच संपले होते. जिला फसविले गेले ती सून मात्र तळ्याकाठी आली, तिने आपला वसा मोडला नाही, आणि त्या पाण्यात आपले कोणीतरी आहे हे ती विसरली नाही. उन्हाळ्यात विसापूरच्या भरावावरून चालताना पाणी उतरत गेलेले दिसते, तळाचा चिखल उघडा पडतो, आणि मनात येते की ह्या पाण्यातही आपले कोणीतरी आहे. ते परत यावयाचे नाही. वसा तेवढा आपल्याकडे आहे.